रामथाचा पेला

पेल्याच्या पायात घट्ट बसलेली माती काढायची की राहू द्यायची, यावरून उत्खनन करणारी एर्सिलिया आणि तिची मदतनीस बेनेदेत्ता यांची आठवडाभर जुंपली होती. एर्सिलियाचं म्हणणं, राहू दे. माती एकदा काढली की काढली, ती काही पुन्हा मिळत नाही. उद्या याहून चांगली यंत्रं येतील, तेव्हा बघू. बेनेदेत्ताचं म्हणणं, बाई, हे तुम्ही किती वर्षं म्हणताय! यंत्रं आली, जुनी झाली, भंगारात गेली, आणि आपण अजून उद्याचीच वाट बघतोय. शेवटी बोलोन्याच्या प्रदर्शनवाल्यांनीच निरोप धाडला, पेल्याबरोबर त्यातल्या मातीचा नमुनाही हवा, त्यात वाईन होती की मध होता ते तपासायचंय. बेनेदेत्ता जिंकली.

आता हा पेला म्हणजे काय, ते पोज्जो ओल्मोतलं शेंबडं पोरही सांगेल. गावामागच्या टेकडीत एत्रुस्कन लोकांची थडगी आहेत. थडगी कसली, मऊ दगडात कोरलेली घरंच ती, पलंगउशांसकट. रोमला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं तेव्हाची. त्यातलं धड असं एकही उरलेलं नाही, चोरांनी पिढ्यान्‌पिढ्या सगळी धुऊन नेलेली. एर्सिलियाने खणलेलंही तसंच, पार धुतलेलं. पण छताचा एक मोठा दगड कोसळलेला होता, आणि त्याच्याखाली हा काळाभोर, दोन कानांचा, पोकळ पायावर उभा असलेला पेला निघाला. ओठाखाली उजवीकडून डावीकडे ओरखडलेली अक्षरं, ‘मी रामथाचा’. नवऱ्याचं नाव नाही, बापाचं नाव नाही. एका बाईचा स्वतःचा, तिच्या एकटीच्या नावाचा पेला! एर्सिलियाने त्यावर पुस्तक लिहिलं. या टेकडीवरच्या बायका कुणाची तरी लेक किंवा कुणाची तरी बायको म्हणून नव्हे, आपल्या हक्काने पंगतीला बसत होत्या, असं तिने ठासून मांडलं, आणि मोठमोठ्या विद्वानांनी मान डोलावली. गावाला संग्रहालय मिळालं. त्यातल्या मोठ्या दालनाला रामथाचं नाव. एर्सिलियाचं सगळं नाव, सगळी मिळकत म्हणा, त्या एका पेल्यावर उभी होती.

बेनेदेत्ताने बांबूची काडी आणि ओला कापूस घेऊन तासभर खपून ती माती सैल केली. हात फार चांगला होता तिचा. दोन मुलांची आई, घरी सासू आजारी, तरी कामाला बसली की बसली. तिला सगळं एर्सिलियानेच शिकवलेलं.

“आली, बाई! अख्खी आली बघा.”

मातीचा गोळा काचेच्या बाटलीत गेला. बेनेदेत्ता चिठ्ठी चिकटवायला वळली, आणि एर्सिलियाने पेला उपडा धरून पायाच्या पोकळीत कापूस फिरवला. फिरवता फिरवता तिचं बोट एका जागी अडलं. वाटी आणि पाय जिथे जोडलेत तिथे एक खळगा होता. उथळ, गोल, एका बाजूला जराशी उभी कड. हातमोज्यातूनसुद्धा तिचं बोट त्या खळग्यात अचूक बसलं.

तिला तो खळगा माहीत होता. ती रोज सकाळी तो धूत होती.

एर्सिलियाचा नवरा ओरेस्ते कुंभार. पोरवयात माती मळायच्या यंत्रात त्याच्या एका बोटाचं टोकाचं पेर गेलेलं. बाकीचे कुंभार पायाचा सांधा बोटाच्या टोकाने गुळगुळीत करतात. ओरेस्तेला टोकच नाही, तो थोटकाने दाबतो. म्हणून त्याच्या हातच्या प्रत्येक भांड्याच्या पायात आत एक खळगा असतो. त्याने कधी भांड्यावर सही केली नाही. गाव म्हणायचं, याला सहीची काय गरज, उलटं करा आणि बघा. घरचे दुधाच्या कॉफीचे कप, इओलेच्या बारमधल्या वाट्या, चर्चमधलं तीर्थाचं भांडं, सगळीकडे तोच खळगा.

“काय झालं, बाई? चेहरा असा का झाला?”

“काही नाही गं. पोटात सकाळपासून काही नाही, भोवळ आली जराशी. मी घरी जाऊन येते.”

 बेनेदेत्ताने दिवा जवळ ओढून पेल्याच्या पायात पाहिलं आणि दिवा पुन्हा लांब सारला.

संग्रहालयापासून भट्टीपर्यंतचा रस्ता उताराचा. त्या उतारावर एर्सिलियाने स्वतःशी काय काय वाद घातले! त्या काळातही कुंभारच होते ना? एखाद्याचं बोट तुटलेलं असायला काय हरकत आहे? अडीच हजार वर्षांपूर्वी माणसांची बोटं तुटत नव्हती की काय? आणि पेला तर भर दुपारी, सगळ्या मजुरांच्या देखत, तिच्या डोळ्यांसमोर निघालेला. बाजारात विकायला आलेली वस्तू माणूस तपासतो. स्वतः खणून काढलेली कोण तपासतं? तिने तर नाहीच तपासली. 

ओरेस्ते भट्टीचं तोंड ओल्या मातीने लिंपत बसला होता. काळी भांडी करायची असली की हवा अशी कोंडावी लागते, मग धूर मातीत आतपर्यंत मुरतो आणि भांडं आरपार काळं होतं. जुने एत्रुस्कन असंच करत, आणि प्रवाशांना विकायला ओरेस्तेही असंच करत होता. तिला बघून तो हसला.

“आज लवकर? जेवायचं काय मग? बीन्स आहेत कालचे.”

“ओरेस्ते, रामथाचा पेला तू केलास?”

“फुटला?”

एर्सिलिया त्याच्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं होतं तो दचकेल, निदान नाही तरी म्हणेल. हा बाबा विचारतोय, फुटला का!

“मी काय विचारतेय?”

“अगं, मीच केला, आणखी कोण करणार? फुटला असेल तर घेऊन ये, सांधून देतो. त्या लोकांना दाखवायच्या आधी...” तो बोलता बोलता थांबला. हातातली माती त्याने बादलीच्या काठाला पुसली. “अशी काय बघतेस?”

“तू केलास. आणि माझ्या खड्ड्यात नेऊन ठेवलास.”

“एर्सिलिया, थट्टा करतेस का माझी?”

“मी थट्टा करतेय?”

ओरेस्ते हळूच स्टुलावर टेकला. आधीच बारीक असलेला त्याचा चेहरा एवढासा झाला. “तुला ठाऊक नव्हतं?” तो म्हणाला. “खरंच ठाऊक नव्हतं?”

मग जे निघालं ते असं. ती खोदाई बंद पडायला आली होती. वरच्या कचेरीने कळवलेलं, एवढा एक हंगाम, मग पुरे. एर्सिलियाला जर्मनीत विद्यापीठातली जागा चालून आलेली. जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं होतं, जावं लागेल रे. तो म्हणाला होता, जा, मी अडवणार नाही. त्याच्या त्या एका शब्दावर ती भाळली होती. किती मोठ्या मनाचा माणूस, म्हणाली होती. आणि मोठ्या मनाच्या त्या माणसाने दुसऱ्या दिवशी चाकावर माती चढवली. नाव तिच्याच तोंडून ऐकलेलं, अक्षरं तिच्याच वहीतून उचललेली. एखादी रामथा भेटायला हवी होती रे, असं ती कधीतरी भांडी घासताना म्हणाली होती. मजुरांना जेवण पोचवायला तो रोज खड्ड्यावर जायचाच.

“भट्टी सोडून मी जर्मनीत काय करणार होतो? आणि तू गेलीस की संपलंच असतं सगळं. मला भीती वाटली गं. बस, एवढंच. मला वाटलं, एक हंगाम आणखी मिळेल तुला. त्याचं एवढं पुस्तकबिस्तक होईल असं कुणाला वाटलं होतं?”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही? एकदाही?”

“काय सांगायचं? तुला दिसलंच होतं की!” आता त्याचाही आवाज चढला. “तू पेला हातात घेतलास. उलटा केलास. आत बघितलंस. पायात मी माती ठासली होती, पण मला काही खात्री नव्हती, माझा जीव टांगणीला लागलेला. आणि तू सगळ्यांकडे वळून म्हणालीस, ही माती कुणी काढायची नाही, पाय आहे तसाच राहील. आठवतं? सगळ्यांच्या देखत म्हणालीस! मी काय समजायचं? मला वाटलं, माझं बोट दिसलं हिला, आणि हिने झाकलं.”

एर्सिलियाला आठवत होतं. चांगलं आठवत होतं. माती पुढच्या संशोधकांसाठी राखून ठेवावी, आज आपल्याला जे कळत नाही ते उद्या कुणाला तरी कळेल, हे तिला तिच्या गुरुजींनी शिकवलेलं. तिच्या सबंध धंद्यातला सगळ्यात प्रामाणिक नियम तो. त्या दिवशी तो पाळताना तिला स्वतःचा अभिमान वाटला होता.

“ती माती नमुन्यासाठी ठेवली होती, मूर्खा! नमुन्यासाठी!”

“मला काय कळतं त्यातलं? आणि घरी येऊन तू माझ्या गळ्यात पडलीस, ढसाढसा रडलीस. आता कुठे जायला नको, म्हणालीस. मी तर धन्य झालो.”

“आनंदाने रडले मी! माझ्या कामाचं चीज झालं म्हणून रडले!”

भट्टीच्या लिंपणाला एक चीर पडून धूर यायला लागला होता. एरवी ओरेस्ते धावला असता. आज बसून राहिला.

“म्हणजे इतकी वर्षं,” एर्सिलिया म्हणाली, “इतकी वर्षं माझ्याशेजारी झोपलास, माझी पुस्तकं मांडायला लागलास, मी बक्षीस घेताना पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास, आणि मनात म्हणत होतास, ही खोटारडी आहे.”

“खोटारडी? अगं देवा! कधीच नाही.” तो उठून तिच्यापर्यंत आला आणि मातीचे हात तिला लागू नयेत म्हणून मागे धरून उभा राहिला. “मला वाटलं, तू माझ्यासाठी केलंस. तुझं ते शास्त्र, तुझं ते खरं म्हणजे खरं, सगळं बाजूला ठेवलंस, कुणासाठी, तर या थोट्या कुंभारासाठी. माझ्या आईनेसुद्धा माझ्यासाठी एवढं केलं नसतं. त्या जोरावर जगलो मी.”

आता बोला! शिवी दिली असती तर तिने उलटून दोन दिल्या असत्या. फसवलं म्हणून पाया पडला असता, तर कदाचित चार महिन्यांनी माफही केलं असतं. पण या माणसाने जन्मभर जिच्यावर जीव टाकला, ती एर्सिलिया नव्हतीच. ती कुणी दुसरीच बाई होती, नवऱ्यासाठी शास्त्र विकणारी. एर्सिलियाला त्या बाईची किळस आली आणि, खरं सांगायचं तर, हेवाही वाटला.

“आणखी कुणाला ठाऊक आहे?”

ओरेस्ते बोटांवरची माती खरवडू लागला.

“ओरेस्ते!”

“तो दगड एकट्याने हलण्यातला होता का? सेत्तिमिओने हात लावला.”

सेत्तिमिओ म्हणजे तिचा मुकादम. त्यानेच तिला हाक मारली होती, बाई, जरा इकडे या, काहीतरी काळं दिसतंय. तो जाऊन आता चार वर्षं झाली होती. त्याची बायको इओले चौकातला बार चालवायची. एर्सिलिया तडक तिथे गेली.

दुपारची गर्दी ओसरली होती. इओले गल्ल्यामागे बसून पाव कापत होती, शिळ्या पावाचं आणि रानभाजीचं रात्रीचं सार करायला. तिच्या मागच्या फळीवर दोन जुन्या काळ्या सुरया होत्या, खऱ्या. पोज्जो ओल्मोत तशा त्या घरोघरी आहेत. कुणाच्या आजाने आणल्या, कुणाच्या सासऱ्याने. त्या कुठून आल्या हे इथे विचारायची पद्धत नाही. विचारणारा एक तर पोलीस असतो नाहीतर परका.

“ये पोरी. अशी घामाघूम का? काय देऊ?”

“इओले, पेल्याचं तुला माहीत होतं?”

इओलेने सुरी खाली ठेवली नाही. “कुठल्या पेल्याचं?” असंही विचारलं नाही. “माहीत म्हणजे?” ती म्हणाली. “सेत्तिमिओ त्याच दिवशी घरी येऊन सांगून मोकळा झाला. का, काय झालं? कुणी आलंय का तपासायला?”

“आणि गावाला?”

“गावाला काय, सगळ्या गावाला आहे. पण काळजी करू नकोस. कुणी तोंड उघडायचं नाही, आपल्यात तसं नाही.”

आपल्यात! एर्सिलियाने खुर्चीचा आधार घेतला. या गावात ती लग्न करून आली तेव्हा लोक तिला तोरिनोवाली, शहरातली परकी, म्हणायचे. दुकानात गेली की बोलणी थांबायची. मजूर तिच्यापासून लांब, झाडाखाली जेवायचे. पेला सापडला आणि एका आठवड्यात सगळं पालटलं. सेत्तिमिओ स्वतःच्या वाट्याचं चीज कापून तिच्यापुढे धरायला लागला. संताच्या जत्रेत बडीशेपेची भाकर डोक्यावर घेऊन चालायचा मान इथल्याच बायकांचा, तो तिला मिळाला. ‘आमची एर्सिलिया’ म्हणायला लागले. तिला वाटलं होतं, मी यांना यांची रामथा शोधून दिली, म्हणून हे सगळं. भाकर डोक्यावर घेऊन चालताना तिचे डोळे भरून आले होते.

“इओले, खरं सांग. तुम्ही मला जवळ केलंत, ते त्यासाठी?”

“मग कशासाठी?” इओलेला प्रश्नच कळेना. “त्याआधी तुझा काय भरवसा होता, पोरी? आज कपाटावरची सुरई बघितलीस, उद्या जाऊन वर्दी दिलीस तर? धाकधूक असायची घराघरात. मग सेत्तिमिओ आला आणि म्हणाला, इओले, ही बाई आपली आहे. बघितलं सगळं, आणि तोंड मिटलं.”

“मी काही बघितलं नव्हतं. मला आज कळलं. आज सकाळी.”

इओलेने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर समजूतदार हसू आलं, आणि ते हसू एर्सिलियाला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. “बरं बरं,” इओले म्हणाली. “कुणी विचारलं तर असंच सांग. मीही असंच सांगेन. पण माझ्यासमोर कशाला, बाई?”

एर्सिलिया परत चढावर लागली तेव्हा तिला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. नवऱ्याचा, मेलेल्या सेत्तिमिओचा, त्या भाकरीचा. स्वतःचा तर सगळ्यात जास्त. ठिकरी हुंगून कुठल्या डोंगरातली माती ते सांगणारी मी, आणि घरच्या कपाचा खळगा मला दिसू नये? दिसला नाही, कारण बघायचंच नव्हतं, असं म्हणेल का कुणी? म्हणू देत. ते खरं नाही. आता एकच गोष्ट हातात उरली होती, सांगून टाकायचं. पुस्तक जाईल, दालन जाईल, गाव तर जाईलच. ओरेस्तेचं काय होईल ते कायदा बघेल. पण खोटं बोलणारी बाई मी नव्हते, एवढं तरी शिल्लक राहील. तेवढ्यासाठी ती भरभर चालत होती.

संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत बेनेदेत्ता तशीच बसली होती. पेला तिच्यापुढे उपडा, शेजारी मातीची बाटली. टोपण उघडं.

“बाई,” ती उठून उभी राहिली, “चुकलं माझं.”

“तुझं काय चुकलं?”

“मीच हट्ट धरला ना माती काढायचा. तुम्ही इतकी वर्षं काढू नको काढू नको म्हणत होतात, मला मेलीला कळायला हवं होतं.” तिचा आवाज अगदी खाली गेला. “ती अजून पाठवली नाहीये. जराशी ओली करून परत बसवते मी. माझा हात तुम्हाला ठाऊक आहे, कुणाच्या बापाला कळणार नाही. नमुना बाहेरच्या मातीतला देऊ.”

एर्सिलियाने तिच्याकडे पाहिलं. हिला तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, चुकलं तर चुकलं म्हण, पण वस्तूशी खोटं बोलू नकोस. बेनेदेत्ताने ते ऐकलं होतं, मान डोलावली होती, आणि बहुतेक मनात म्हणाली होती, बाई बोलतात छान.

“झाकण लाव बाटलीला,” एर्सिलिया म्हणाली.

तिने बोलोन्याला फोन लावला. प्रदर्शनाचे प्रमुख स्वतःच आले फोनवर, मोठे सभ्य गृहस्थ. पेला निघाला का, त्यांनी उत्साहाने विचारलं.

“पेला येणार नाही. तो जुना नाही. माझ्या नवऱ्याने केलाय आणि खोदाईत ठेवलाय. मी तसं लेखी देते. पुस्तक मागे घेते.”

 ते गृहस्थ फार मऊ आवाजात म्हणाले, “हे सांगायला धैर्य लागतं, बाई. आम्हा सगळ्यांना याची नोंद घ्यावीच लागेल. फक्त एक विचारतो. तुमच्या लक्षात कधी आलं?”

“आज. आज सकाळी. मला ठाऊक नव्हतं.”

“आज,” ते म्हणाले. “बरं. आज असं लिहून घेतो.”

“मला खरंच ठाऊक नव्हतं!”

“हो हो, बाई. मी लिहितोय.”

तिने फोन ठेवला आणि मागे वळली. बेनेदेत्ता खाली मान घालून टेबल पुसत होती. आपल्या माणसाला आपल्यादेखत खोटं बोलावं लागलं की जसं कुणी नजर चुकवतं, तशी.